दोष, अपघात, इजा : बॅले-नर्तकाच्या शरीरासंबंधीच्या विचाराचा इतिहास

१

नर्तकाचा गुडघा दुखू लागला, तर त्या दुखण्याला काय म्हणावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. तथापि त्याचे उत्तर प्रत्येक काळात निराळे दिले गेले आहे, आणि त्या उत्तरांमधून नृत्यशिक्षणाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा हाती लागतो. अठराव्या शतकातील नृत्याचार्य शरीराच्या अडचणींकडे 'दोष' म्हणून पाहत. एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवर जे शारीरिक अनर्थ ओढवले, ते 'अपघात' म्हणून नोंदले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'इजा' ही कल्पना पुढे आली आणि तिच्याच आधारावर नृत्याचे शिक्षण, प्रयोग व आरोग्य यांचा शास्त्रीय अभ्यास उभा राहिला.

या तिहींत केवळ शब्दांचा भेद नाही. दोष हा जन्माबरोबर येतो. त्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही. अपघात ओढवतो, त्याविषयी हळहळ व्यक्त केली की पुष्कळदा विषय संपतो. इजेचे तसे नाही. 'इजा झाली' असे म्हणताच 'कशाने?' हा प्रश्न मागोमाग येतो. तिला कारण असते; कारण शोधता येते; आणि कारण सापडले, तर ती टाळण्याचे कर्तव्यही कोणावर तरी येऊन पडते. दुखण्याचे नाव बदलले, तशी जबाबदारीची जागा बदलत गेली, हेच या इतिहासाचे सार होय.

हा विचार सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत सविस्तर नोंदला गेला तो युरोपातील बॅले या नृत्यप्रकाराच्या संदर्भात. म्हणून येथे मुख्यतः त्याचाच मागोवा घेतला असून, त्यातून भारतीय नृत्याच्या अभ्यासाला काय घेता येईल आणि काय घेता येणार नाही, हे शेवटी पाहिले आहे.

२

बॅलेच्या शिक्षणाचा पाया फ्रान्समध्ये घातला गेला. चौदाव्या लुईने १६६१ साली 'अकादेमी रोयाल द दांस' ही संस्था स्थापन केली. आणि पावलांच्या ज्या पाच मूलस्थिती आजही बॅलेच्या प्रत्येक वर्गात शिकविल्या जातात, त्यांना नियमबद्ध करण्याचे श्रेय पिएर बोशां या नृत्याचार्याला दिले जाते. या सर्व स्थितींत पाय समोर न राहता बाहेरच्या बाजूस वळलेले असतात. दरबारी नृत्यात हे वळण मध्यम प्रमाणाचे होते. नृत्य दरबारातून रंगमंचावर आले आणि प्रेक्षक एकाच बाजूला बसू लागले, तसे ते वाढत गेले. कारण पाय बाहेर वळलेले असले, म्हणजे प्रेक्षकांकडे असलेले तोंड न फिरविता नर्तकाला बाजूस सरकता येते आणि पाय बाजूस उंच उचलता येतो. एकोणिसाव्या शतकात दोन्ही पावले एका सरळ रेषेत यावीत, म्हणजे त्यांच्यामध्ये १८० अंशांचा कोन व्हावा, हा आदर्श ठरला.

या वळणाचे खरे स्थान पावलात नाही, गुडघ्यात नाही. ते खुब्याच्या सांध्यात आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोबणीत बसतो. ती खोबणी कोणत्या दिशेला उघडते, मांडीच्या हाडाची मान किती पुढे झुकलेली आहे आणि सांध्याभोवतीचे अस्थिबंध किती ताठ आहेत, यांवर मांडी किती बाहेर वळेल हे अवलंबून असते. यांपैकी अस्थिबंधांवर व स्नायूंवर शिक्षणाचा काही परिणाम होतो. हाडांच्या ठेवणीत मात्र वयात आलेल्या नर्तकाला बदल करता येत नाही. खुब्यातून जेवढे वळण मिळत नाही, तेवढे विद्यार्थी जमिनीला पावले घट्ट रोवून खालून वसूल करतो. मग गुडघ्याला पीळ बसतो, पावलाची कमान आतल्या बाजूस कोसळते, आणि नडगीवर व कंबरेवरही ताण येतो.

येथे संज्ञांचा विचार करणे उद्बोधक ठरेल. फ्रेंच भाषेत या वळणाला 'आं दऑर' म्हणतात. त्याचा अर्थ 'बाहेरच्या बाजूस' एवढाच आहे. ते दिशावाचक क्रियाविशेषण आहे. इंग्रजीतील 'टर्न-आउट' ही संज्ञा 'वळव' या क्रियेवरून आलेली आहे. पहिल्या संज्ञेत दिशा आहे, दुसरीत क्रिया आहे. परंतु काय वळवावयाचे, ते दोहोंतही सांगितलेले नाही. डोळ्यांना दिसतात ती पावले. त्यामुळे शिक्षकाने 'बाहेर' म्हणताच विद्यार्थ्याने पावले वळवावीत, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. संज्ञेतील ही उणीव भरून काढण्याचे काम शिक्षकाच्या स्पष्टीकरणावर पडले, आणि ते स्पष्टीकरण नेहमीच मिळाले असे नाही.

ज्यां-जॉर्ज नोव्हेर (१७२७–१८१०) या नृत्याचार्याने १७६० साली नृत्यावरील आपली पत्रे प्रसिद्ध केली, त्यांत हे स्पष्टीकरण सापडते. नोव्हेर पावलाविषयी बोलत नाही. तो मांडीच्या वळणाविषयी बोलतो. हे वळण नृत्याला अत्यंत आवश्यक आहे, परंतु मनुष्याची जन्मजात ठेवण त्याच्या उलट आहे, असे त्याचे म्हणणे आहे. पाय बाहेर वळविण्यासाठी त्या काळी एक यांत्रिक चौकट वापरली जात असे. विद्यार्थ्याचे पाय तीत अडकवून ते बळाने वळविले जात. या साधनाने वळण साधत नाही, उलट शरीराची हानी होते, असा अभिप्राय नोव्हेरने दिला आहे. त्याच पत्रांत त्याने पायांच्या ठेवणीचे दोन प्रकार वर्णिले आहेत : ज्यांचे गुडघे एकमेकांकडे झुकतात असे नर्तक, आणि ज्यांचे पाय धनुष्याप्रमाणे बाहेर वाकलेले असतात असे नर्तक. दोघांनी निरनिराळा अभ्यास करावा आणि आपापल्या ठेवणीला शोभेल असे नृत्य निवडावे, असा त्याचा सल्ला आहे. नृत्याचार्याला शरीररचनेचे ज्ञान असले पाहिजे, हा आग्रहही त्यातूनच आला.

नोव्हेरची दृष्टी त्याच्या काळाच्या बरीच पुढे होती. तरीही ठेवणीतील हा भेद त्याने 'दोष' म्हणूनच मांडला. दोष झाकावयाचा असतो किंवा सुधारावयाचा असतो. ज्या नियमाच्या मानाने तो दोष ठरला, त्या नियमाची तपासणी करण्याचा प्रश्न त्या चौकटीत उद्भवतच नव्हता.

३

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कार्लो ब्लासिस याने शिक्षणाला भूमितीची शिस्त दिली. १८२० साली मिलानमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात नर्तकांच्या आकृत्यांवर रेषा काढून शरीराचा तोल दाखविलेला आहे. डोके, धड आणि भार पेलणारा पाय यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्याला नुसत्या शब्दांनी न सांगता रेषांनी दाखवावा, अशी त्यामागील कल्पना होती. १८३७ पासून मिलानमधील ला स्काला रंगगृहाच्या नृत्यशाळेचे संचालकत्व ब्लासिसकडे आले आणि ही पद्धत अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचली. शरीर हे तोलाच्या नियमांनी चालणारे यंत्र आहे, ही जाणीव तिच्यात आहे. ते यंत्र थकते आणि झिजते, ही जाणीव मात्र नाही.

याच काळात पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याचे तंत्र पुढे आले. पॅरिसमध्ये १८३२ साली सादर झालेल्या 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी ताल्योनी हिने या तंत्राला काव्यरूप दिले. तिची पादत्राणे साध्या मऊ साटीनची होती. कडेने आणि टोकाला घातलेली शिवण एवढाच त्यांचा आधार होता. पुढे शतकाच्या उत्तरार्धात इटलीत टोकाला कठीण केलेली पादत्राणे आली आणि अधिक वेळ, अधिक फिरक्या घेणे शक्य झाले. साधन सुधारले, तशी अपेक्षाही वाढली. पावलाच्या लहान हाडांवर पडणारा भार कमी झाला नाही. तो घेण्याचे प्रसंग वाढले.

रंगभूमीवरील मोठे संकट मात्र दिव्यांचे होते. मंचाच्या कडेने उघड्या ज्योतींचे दिवे असत आणि नर्तकींचे झगे तलम जाळीच्या कापडाचे. १८४४ साली लंडनच्या ड्रुरी लेन रंगगृहात क्लारा वेब्स्टर हिचा झगा पेटला आणि तीत तिचा अंत झाला. पॅरिसमध्ये कापडावर अग्निरोधक द्रावणाचा लेप देण्याची पद्धत उपलब्ध झाली होती. परंतु लेपामुळे कापड ताठ व निस्तेज होते, म्हणून नर्तकींना तो नको असे. एम्मा लिव्री या ताल्योनीच्या शिष्येनेही तो नाकारला होता. १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात सराव चालू असता तिच्या झग्याने दिव्याची ज्योत धरली. कित्येक महिने यातना सोसून १८६३ च्या जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला. तेव्हा ती एकवीस वर्षांचीही नव्हती.

लिव्रीच्या मृत्यूने सारे पॅरिस हळहळले. परंतु हा मृत्यू 'अपघात' या शब्दात मावणारा आहे काय? ज्योती उघड्या होत्या, हे सर्वांना ठाऊक होते. कापड पेटते, हेही ठाऊक होते. उपाय ठाऊक होता. शोभा आणि सुरक्षितता यांच्यातील निवड मात्र एका तरुण मुलीच्या मर्जीवर सोपविलेली होती. आणि ती ज्या व्यवसायात होती, त्यात शोभेवाचून तिला स्थान नव्हते. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात, वैद्याने रोग्याला त्याचा धंदा कोणता हे विचारावे, असे सांगून ठेवले होते. नृत्य हा एक धंदा आहे आणि त्याचे काही धोके त्या धंद्याच्या रचनेतच आहेत, हे मान्य व्हावयास त्यानंतर पावणेतीनशे वर्षे लागली.

४

नृत्याकडे मोजमापाच्या दृष्टीने प्रथम पाहिले ते कलावंतांनी नव्हे, तर गतीच्या अभ्यासकांनी. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ साली एकाच काचेवर गतीच्या क्रमवार अवस्था टिपणारे छायाचित्रण सिद्ध केले. एडवर्ड मायब्रिज याच्या १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांच्या व मनुष्यांच्या गतींच्या चित्रसंग्रहात नृत्य करणाऱ्या स्त्रियांचीही चित्रे आहेत. मॉरिस एमानुएल या संगीतज्ञाने तर मारेच्या पद्धतीचा उपयोग इतिहासासाठी केला. प्राचीन ग्रीक कुंभांवर व शिल्पांत जी नृत्ये कोरलेली आहेत, त्यांतील एकेक मुद्रा कोणत्या हालचालीचा कोणता क्षण दाखविते, हे ठरविण्यासाठी त्याने नर्तकांच्या गतींची क्रमवार छायाचित्रे घेऊन तुलना केली. त्याचा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. हा अभ्यास हालचालीचा होता. हालचाल करणाऱ्याच्या आरोग्याचा नव्हता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीराचे ज्ञान शिक्षणाच्या जवळ आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गरेट एच-डब्लर यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली नृत्य हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला. त्यांचे स्वतःचे शिक्षण जीवशास्त्रात झालेले होते, आणि त्यांच्या वर्गात मानवी सांगाडा हे शिकविण्याचे साधन होते. मेबल टॉड यांचा 'द थिंकिंग बॉडी' हा ग्रंथ १९३७ साली निघाला. शरीराची ठेवण बळाने नव्हे तर योग्य कल्पनाचित्राने सुधारता येते, हे त्यात मांडलेले आहे. लेनिनग्राडमध्ये आग्रिप्पिना व्हागानोव्हा यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यग्रंथाने बॅलेच्या शिक्षणाला पायरीपायरीने चढत जाणारा क्रम दिला.

या संदर्भात सीलिया स्पार्जर यांचे नाव विशेष उल्लेखनीय आहे. त्या लंडनमधील सॅडलर्स वेल्स बॅले-शाळेशी संबंधित असलेल्या व्यायामोपचारतज्ज्ञ होत्या. १९४९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा शरीररचना व बॅले यांवरील ग्रंथ शिक्षकांसाठी लिहिलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बोटांच्या टोकांवर चढणे हा शिक्षणाचा आरंभ नसून संपूर्ण शरीराच्या सावकाश झालेल्या तयारीचा शेवट आहे, हे त्यांनी निक्षून सांगितले. मुलीचे वय किती, यापेक्षा तिची पाठ, खुबे, गुडघे व पावले तो भार घेण्यास समर्थ झाली आहेत काय, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. 'हिच्यात दोष आहे काय?' या प्रश्नाची जागा 'हिची तयारी झाली आहे काय?' या प्रश्नाने घेतली. तयारी हे शिक्षकाचे काम असल्यामुळे, उत्तरदायित्वही प्रथमच शिक्षकाकडे वळले.

५

१९७० नंतर वैद्यकाने या क्षेत्रात निश्चित पाऊल टाकले. न्यूयॉर्कमध्ये अस्थिशल्यविशारद विल्यम हॅमिल्टन यांनी १९७२ पासून न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या नर्तकांवर उपचार करण्यास आरंभ केला. घोट्याच्या मागे होणारी हाडांची अडवणूक, अंगठा वळविणाऱ्या स्नायुबंधाची सूज अशी नर्तकांची विशिष्ट दुखणी या काळात वैद्यकीय वाङ्मयात सविस्तर वर्णिली गेली. खेळाडूच्या दुखण्यांवरील उपाय नर्तकाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

याहून दूरगामी ठरला तो नर्तकींच्या आहाराचा व ऋतुचक्राचा अभ्यास. बॅलेतील नर्तकी वजनाने हलकी दिसली पाहिजे, हा दंडक विसाव्या शतकात अधिकाधिक कडक झाला होता. एल. एम. व्हिन्सेंट या वैद्याने १९७९ साली याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९८० साली रोझ फ्रिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८९ बॅले-नर्तकींचा अभ्यास करून, त्यांच्यात प्रथम ऋतुप्राप्ती उशिरा होते व पुढे ऋतुस्राव बंद पडण्याचे प्रमाणही मोठे असते, हे दाखविले. १९८६ साली मिशेल वॉरन व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. चार व्यावसायिक मंडळींतील ७५ नर्तकींची पाहणी त्यांनी केली होती. त्यांपैकी २४ टक्के नर्तकींच्या पाठीच्या कण्याला एका बाजूस बाक आढळला. आणि ऋतुप्राप्ती जितकी उशिरा, तितके बाक व अस्थिभंग यांचे प्रमाण अधिक, असा संबंध दिसून आला. अस्थिभंगांपैकी पुष्कळसे आघाताने झालेले नव्हते. सततच्या ताणाने हाडाला बारीक भेग पडल्यामुळे झालेले होते.

या शोधाचे महत्त्व दुहेरी आहे. हाडातील भेग पाहून पूर्वी 'नाजूक हाडांची मुलगी' असे म्हटले गेले असते. म्हणजे तो दोष ठरला असता. ती उडी मारताना मोडली असती, तर अपघात ठरला असता. आता त्या भेगेमागे अपुरे अन्न, विस्कळित झालेले ऋतुचक्र आणि अखंड श्रम अशी कारणांची साखळी दिसू लागली. ती साखळी नर्तकीच्या शरीरात पुरी होते, पण सुरू होते ती तिच्या शरीराबाहेर, कृशतेचा दंडक घालणाऱ्या अभिरुचीत. पुढे २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी खर्च होणाऱ्या शक्तीच्या मानाने अपुऱ्या पडणाऱ्या आहाराच्या या अवस्थेला व्यापक नाव दिले, आणि ती केवळ स्त्रियांपुरती मर्यादित नाही, हेही नमूद केले.

दुसरा महत्त्वाचा शोध श्वासाचा होता. स्वीडनमधील पेटर शान्ट्झ व पेर-ओलोफ ओस्ट्रांड यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टॉकहोममधील राजकीय बॅले-मंडळीच्या नर्तकांचे प्राणवायू-ग्रहण मोजले. दांडा धरून होणाऱ्या रोजच्या अभ्यासात नर्तक आपल्या कमाल क्षमतेच्या सुमारे ३६ टक्के एवढाच प्राणवायू घेत होते. मोकळ्या जागेतील अभ्यासातही हे प्रमाण निम्म्याच्या आत होते. रंगमंचावरील एकल नृत्यात मात्र ते ८० टक्क्यांपर्यंत गेले. आधुनिक नृत्याच्या बाबतीत मॅथ्यू वायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली वर्ग, सराव व प्रयोग यांची तुलना केली, तेव्हा वर्ग व प्रयोग यांच्यातील अंतर तेथेही आढळले.

पिढ्यान् पिढ्या अशी समजूत होती की, रोजचा वर्ग नेमाने केला म्हणजे नर्तक रंगमंचासाठी सिद्ध होतो. मोजमापाने दाखविले ते असे की, वर्ग कौशल्य देतो, अचूकपणा देतो, परंतु दमसास देत नाही. ज्या श्रमाची शरीराला वर्गात ओळखच झालेली नाही, तो श्रम त्याला एकदम प्रेक्षकांसमोर करावा लागतो. थकलेले स्नायू सांध्याला सावरण्यास उशीर करतात, आणि उडीनंतरचा पाय चुकीचा पडतो. वर्ग वाढविणे हा यावर उपाय नव्हे. त्याने थकवाच वाढतो. वर्गाबरोबर दमाची व बळाची स्वतंत्र तयारी आणि नियोजित विश्रांती हवी, हा निष्कर्ष त्यातून निघाला. यिआनिस कूतेदाकिस व आथानासिओस यामुर्तास यांनी २००४ साली नर्तकाचे वर्णन रंगमंचावरील क्रीडापटू असे केले, ते याच अर्थाने.

६

या विखुरलेल्या अभ्यासांना एकत्र आणणारी नृत्यवैद्यक व नृत्यविज्ञान यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९९० साली स्थापन झाली आणि १९९७ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. इंग्लंडमध्ये १९९६ साली पीटर ब्रिन्सन व फिओना डिक यांनी नर्तकांच्या आरोग्यासंबंधी राष्ट्रीय पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. मागील बारा महिन्यांत निदान एक इजा झाल्याचे ८३ टक्के नर्तकांनी त्यात सांगितले होते. २००५ साली हेलन लॉज यांनी केलेल्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ८० टक्के होते.

एवढ्या वर्षांच्या प्रयत्नांनंतर इतकाच फरक पडला, असा निष्कर्ष यावरून घाईने काढला जाण्याचा संभव आहे. तो काढण्यापूर्वी 'इजा' या शब्दाची व्याप्ती तपासली पाहिजे. या पाहण्यांत नर्तकांनी स्वतः आठवून सांगितलेल्या गोष्टी मोजल्या आहेत. ज्या नर्तकाला दुखणे लपविण्याची सवय आहे, तो त्याला इजा म्हणत नाही. त्याच नर्तकाला या विषयाचे ज्ञान झाले, म्हणजे तो तिला नाव देऊ लागतो. अशा वेळी इजा कमी होत असतानाही तिची नोंद वाढू शकते. उलट ज्या अभ्यासांत, नृत्य थांबवावे लागले तरच इजा, अशी व्याख्या असते, त्यांत आकडे लहान येतात. व्याख्या भिन्न असलेल्या आकड्यांची तुलना करणे म्हणजे दोन भाषांतील सारख्या ध्वनीचे शब्द समानार्थी मानण्यासारखे आहे.

म्हणून तासांच्या हिशेबाने मोजण्याची पद्धत अधिक विश्वसनीय समजली जाते. निक ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यावसायिक बॅले-मंडळीतील ५२ नर्तकांची वर्षभराची नोंद २०१२ साली प्रसिद्ध केली. तीत ३५५ इजा होत्या. म्हणजे दर नर्तकामागे सरासरी ६.८, आणि नृत्याच्या दर १००० तासांमागे ४.४. निम्म्याहून अधिक इजा एकाएकी झालेल्या नव्हत्या, तर अतिश्रमाने साचत आलेल्या होत्या. त्यानंतर प्रत्येक नर्तकाची तपासणी करून त्याला त्याच्या उणिवेप्रमाणे व्यायाम देण्यात आला. पुढील दोन वर्षांत इजांचे प्रमाण लक्षणीय रीतीने उतरल्याचे त्यांनी २०१३ साली नमूद केले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा होय. तरीही त्यातून एक गोष्ट दिसते : नर्तक तेच, नृत्यही त्याच परंपरेचे, परंतु तयारी बदलताच दुखण्याचे प्रमाण बदलले. जे बदलता येते, त्याला दोष म्हणता येत नाही आणि अपघातही म्हणता येत नाही.

शास्त्राने कलेत हस्तक्षेप करू नये, कष्ट व वेदना यांवाचून कला सिद्ध होत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यातील पहिला भाग मान्य करण्यासारखा आहे. किती उंच उडी सुंदर दिसेल, हे प्राणवायू मोजून कळत नाही. परंतु कष्ट आणि इजा यांत भेद आहे. कष्टाने शरीर नवे सामर्थ्य मिळविते. इजेने मिळविलेले गमावते. हा भेद अनुभवी गुरूला डोळ्यांनी कळतो, हे खरे. पण ज्यांच्या वाट्याला तसा गुरू आला नाही, त्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

७

बॅलेसंबंधीचे हे निष्कर्ष भारतीय नृत्यांना तसेच्या तसे लावता येणार नाहीत. भरतनाट्यमातील अर्ध्या बैठकीला तमिळमध्ये 'अरैमंडी' म्हणतात. तीतही पाय बाहेर वळलेले असतात, परंतु गुडघे वाकलेले राहतात आणि उघडी पावले कठीण जमिनीवर आपटली जातात. कथकात पाय जवळजवळ समोर असतात. तेथे घुंगरांचे वजन, तत्काराचे दीर्घ आवर्तन आणि टाचेवरील चक्कर यांचा भार निराळा. कथकळीत नट पावलांच्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. तिन्ही ठिकाणी पावलाच्या निरनिराळ्या भागांवर वजन येते. म्हणून उसनी घ्यावयाची ती पद्धती, आकडे नव्हेत.

येथील परंपरेत आरोग्याचा विचारच नव्हता, असेही नाही. नाट्यशास्त्रात चारींचे विवेचन करताना भरताने व्यायाम, तैलमर्दन व आहार यांची जोड दिलेली आहे. १९३० साली स्थापन झालेल्या केरळ कलामंडलमसारख्या संस्थेत कथकळीच्या विद्यार्थ्यांना पावसाळ्याच्या दिवसांत तेल लावून पायांनी मर्दन करण्याची जुनी रीत पाळली गेली आहे. या उपायांचा नेमका परिणाम कोणत्या सांध्यावर, किती व कोणत्या वयात होतो, हा प्रश्न मात्र मोजमापानेच सुटणारा आहे. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही कथकची संस्था स्थापन केली, आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू होऊन नृत्य विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाले. तत्कार किती वेळ होतो, कोणत्या जमिनीवर होतो, दुखणे केव्हा सुरू होते आणि ते गुरूला केव्हा सांगितले जाते, अशा नोंदी ठेवावयाच्या, तर गुरूचा वर्ग आणि विद्यापीठ एकमेकांच्या इतक्या जवळ असणे सोयीचे आहे.

यांपैकी शेवटची नोंद सर्वांत अवघड आहे. मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा वाक्प्रचार आहे. त्यात सोशिकपणाचे कौतुक आहे आणि निष्काळजीपणाचा ठपकाही आहे. प्रसंगाप्रमाणे कोणताही अर्थ पुढे येतो. नृत्याच्या वर्गात तो बहुधा कौतुकाच्या अर्थाने घेतला जातो. शिष्याने दुखणे सांगितले, तर ते निष्ठेची उणीव समजले जाईल, ही भीती जोवर आहे, तोवर कोणत्याही मोजमापाला खरे उत्तर मिळणार नाही.

याच भाषेत 'तालीम' हा दुसरा शब्द आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकविणे असा आहे. गायन-नर्तनाच्या शिक्षणालाही तालीम म्हणतात, नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतात, आणि पहिलवानांच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात. आखाड्यातील तालमीत केवळ डावपेच शिकविले जात नाहीत. जोर-बैठका, मालिश, खुराक आणि विश्रांती हे सर्व तिच्यात येते, आणि त्यांची काळजी वस्तादाने घ्यावयाची असते. नाचाच्या तालमीत हा अर्थ उतरला नाही. नर्तकाला वर्गाखेरीज दमाची, बळाची, अन्नाची व विसाव्याची तयारी हवी, हे युरोप-अमेरिकेतील अभ्यासकांनी बऱ्याच हानीनंतर सिद्ध केले. ती कल्पना मराठी भाषेला परकी नाही. एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये ती विभागली गेली आहे, इतकेच.